कवडशापासून कंदिलापर्यंत



पाठ्यपुस्तकातील प्रकाशाच्या प्रकरणात बहुधा एक बाण काढलेला असतो, त्याच्यापुढे एक आरसा असतो आणि आरशावर आपटून परतणारा दुसरा बाण असतो. बाण म्हणजे किरण, हे आपण पाठ करतो आणि उत्तरपत्रिकेत पट्टीने रेघा ओढून गुण मिळवितो. परंतु ज्या प्रकाशाविषयी हे सारे लिहिलेले असते, तो आपल्या अंगणात, गोठ्यात आणि बागेत दिवसभर पडलेला असतो. त्याच्याकडे पाहण्यास मात्र आपणांस सवड होत नाही. प्रयोगशाळा नाही, भिंगे नाहीत, त्रिकोणी काच नाही, मग प्रकाशाचा अभ्यास करावा कसा, असा प्रश्न पांढुर्णा व सौंसर भागातील अनेक विद्यार्थी विचारतात. त्या प्रश्नाचे उत्तर या लेखात देण्याचा आमचा विचार आहे. त्यासाठी लागणारे साहित्य पुढीलप्रमाणे : जाड पुठ्ठा, टाचणी, फुटक्या आरशाचा तुकडा, तेलाचे चार थेंब, बांबूच्या कामट्या, पतंगाचा कागद, खळ, दोरा आणि एक संत्रे.

साहित्य साधे म्हणून प्रयोगही कमी योग्यतेचा, असे कोणी समजू नये. या बाबतीत आपल्याच राज्यात एक मोठे उदाहरण घडून गेले आहे. पांढुर्ण्याहून उत्तरेस जाणारी रेल्वे इटारसीस पोचते आणि इटारसीपलीकडे नर्मदेच्या तीरावर होशंगाबाद हे गाव आहे. त्यास आता नर्मदापुरम् म्हणतात. त्या जिल्ह्यातील १६ माध्यमिक शाळांत १९७२ साली एक उपक्रम सुरू झाला. खेड्यातील मुलांनी विज्ञान पाठ न करता स्वतःच्या हातांनी प्रयोग करून शिकावे, आणि प्रयोगाचे साहित्य आसपास मिळणारे व स्वस्त असावे, हे त्यामागील सूत्र होते. तो पुढे शेकडो शाळांत पसरला. १९८२ साली स्थापन झालेल्या ‘एकलव्य’ या संस्थेने त्याची धुरा वाहिली. पुण्याच्या एका मोटार-कारखान्यात अभियंता असलेले श्री. अरविंद गुप्ता १९७८ साली रजा घेऊन याच उपक्रमात येऊन राहिले आणि टाकाऊ वस्तूंतून वैज्ञानिक खेळणी बनविण्याचे त्यांचे आयुष्यभराचे कार्य तेथून सुरू झाले. २०१८ साली त्यांस ‘पद्मश्री’ने गौरविण्यात आले. खुद्द तो उपक्रम मात्र २००२ साली शासनाच्या निर्णयाने शाळांतून बंद झाला. योजना सुरू होतात व बंद पडतात. परंतु टाचणी, पुठ्ठा आणि ऊन यांवर कोणाचा हुकूम चालत नाही. तेव्हा योजनेची वाट न पाहता आपण आपल्यापुरता आरंभ करावा, हे उत्तम.

१. कवडसा

आपल्या भागास निसर्गाने एक प्रयोगशाळा फुकट दिली आहे, ती म्हणजे संत्र्याची बाग. दुपारी बागेत जाऊन झाडाखालील जमिनीकडे पाहावे. दाट पानांतून झिरपलेल्या उन्हाचे लहान लहान ठिपके मातीवर पडलेले दिसतात. यांस आपण कवडसे म्हणतो. आता विचार असा करावा, की पानांमधील फटी काही गोल नसतात. कोणी त्रिकोणी, कोणी लांबट, कोणी वेडीवाकडी. मग त्यांतून आलेले कवडसे बहुधा गोलच का?

याचे उत्तर पुठ्ठ्याने मिळते. एका जाड पुठ्ठ्यास तीन-चार मिलिमीटरचे तीन छेद पाडावेत : एक चौकोनी, एक त्रिकोणी, एक चांदणीच्या आकाराचा. पुठ्ठा उन्हात धरून त्याची सावली जमिनीवर पाडावी. पुठ्ठा जमिनीपासून चार बोटे उंच असताना छेदाचा जो आकार, तोच उजेडाचा आकार दिसतो. पुठ्ठा जसजसा वर न्यावा, तसतसे कोपरे विरघळत जातात आणि दीड-दोन मीटर उंचीवर तिन्ही छेदांचे कवडसे सारखेच गोल होतात. (माध्यान्ह टाळून ऊन कलते असताना पुठ्ठा सूर्याच्या समोर धरला, तर कवडसा जमिनीवर लांबट पडेल, म्हणून तो सूर्याकडे तोंड केलेल्या पांढऱ्या कागदावर घ्यावा.) कारण असे की, तो कवडसा सूर्याचे चित्र आहे. सूर्य हा बिंदू नसून तबकडीसारखा दिसतो. त्या तबकडीच्या प्रत्येक ठिकाणाहून निघालेला प्रकाश छेदातून सरळ रेषेत जातो आणि पलीकडे तिची उलटी आकृती उमटवितो. छेद लहान आणि अंतर पुरेसे असले, की छेदाचा आकार लोपतो आणि सूर्याचा आकार उरतो.

याचा पुरावा सूर्यग्रहणाच्या दिवशी सर्वांस मिळतो. २६ डिसेंबर २०१९ रोजीच्या ग्रहणात दक्षिण भारतातील एका पट्ट्यात सूर्य कंकणाकृती दिसला आणि देशाच्या इतर भागांत तो खंडग्रास होता. अशा खंडग्रास ग्रहणाच्या वेळी झाडाखालचे सर्व कवडसे चंद्रकोरीच्या आकाराचे होतात. जणू मातीवर कोणी शेकडो कोरी रेखाटल्या आहेत. पुढील ग्रहणास हे दृश्य पाहण्याची संधी चुकवू नये.

आता या कवडशाकडून गणित करून घेऊ. आरशाच्या तुकड्यावर काळा कागद चिकटवावा आणि त्यात पाच मिलिमीटरचे एक छिद्र ठेवावे. हा आरसा ओसरीत उन्हात ठेवून त्याचा कवडसा अंधाऱ्या खोलीच्या भिंतीवर पाडावा. आरशापासून भिंत १० मीटर दूर असेल, तर तेथे सुमारे सव्वानऊ सेंटिमीटर व्यासाचे गोल बिंब पडते. छिद्राच्या आकारामुळे त्याची कड किंचित पसरते, एवढेच. बिंबाच्या व्यासास अंतराने भागले, म्हणजे सव्वानऊस १००० ने भागले, तर साधारण १०८ वा भाग येतो. सूर्य आपल्यापासून सुमारे १५ कोटी किलोमीटर दूर आहे. त्याचा १०८ वा भाग म्हणजे सुमारे १४ लक्ष किलोमीटर, आणि सूर्याचा व्यास खरोखरच तितका आहे! ओसरीतील आरशाच्या तुकड्याने आणि शाळेच्या पट्टीने सूर्य मोजता येतो, हे ज्याने स्वतः करून पाहिले, त्यास ती संख्या पुन्हा पाठ करावी लागत नाही.

येथे एक इशारा निक्षून देणे अवश्य आहे. सूर्याकडे, ग्रहण असो वा नसो, उघड्या डोळ्यांनी कधीही पाहू नये. छिद्रातूनही पाहू नये. पाठ सूर्याकडे करावी आणि भिंतीवरील चित्र पाहावे. आरशाचा झोत कोणाच्याही डोळ्यांवर पाडणे ही थट्टा नव्हे. डोळ्याच्या पडद्याची इजा होताना दुखत नाही आणि झालेली इजा बहुधा भरून येत नाही.

२. शून्य सावलीचा दिवस

पांढुर्णा व सौंसर ही दोन्ही गावे कर्कवृत्ताच्या दक्षिणेस, सुमारे साडेएकवीस ते पावणेबावीस अक्षांशांच्या दरम्यान आहेत. त्यामुळे वर्षातून दोनदा मध्यान्हीचा सूर्य नेमका आपल्या डोक्यावर येतो : एकदा मे महिन्याच्या अखेरच्या दिवसांत आणि पुन्हा जुलैच्या मध्याच्या सुमारास. जुलैत बहुधा ढग असतात. म्हणून मेची वेळ साधावी. सपाट जमिनीवर एक सरळ काठी ओळंब्याने उभी करावी आणि दर दोन मिनिटांनी सावलीच्या टोकावर खडूची खूण करावी. सावली आखडत आखडत बुंध्यापाशी नाहीशी होते. घड्याळाकडे पाहिले तर बारा वाजून दहा ते पंधरा मिनिटे झालेली असतात. याचे मुख्य कारण, भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावरून ठरविली आहे आणि पांढुर्णा सुमारे साडेअठ्ठ्याहत्तर अंशांवर आहे. पृथ्वीस एक अंश फिरावयास चार मिनिटे लागतात. चार अंशांची सोळा मिनिटे झाली. उरलेला दोन-तीन मिनिटांचा फरक पृथ्वीच्या कक्षेमुळे व आसाच्या कलामुळे पडतो. भोपाळहून उत्तरेस दिल्लीपर्यंत जावे, तर तेथे हा दिवस कधीच येत नाही. आपल्या गावाचे हे एक छोटेसे वैभव आहे.

३. तेलाचा डाग

भजी बांधलेल्या कागदावर तेलाचा डाग पडला, की त्यातून पलीकडचा उजेड दिसतो, हे सर्वांच्या पाहण्यातले आहे. कागदाच्या तंतूंमध्ये हवा असते. तंतू आणि हवा यांच्या सीमेवर प्रकाश पुनःपुन्हा विखुरतो, म्हणून कागद पांढरा व अपारदर्शक दिसतो. तेल त्या पोकळ्यांत शिरते. तेल आणि तंतू यांचा प्रकाशाला वळविण्याचा गुण जवळजवळ सारखा असल्यामुळे विखुरणे कमी होते आणि प्रकाश पार जातो.

एवढ्याशा डागातून एकोणिसाव्या शतकातील जर्मन रसायनशास्त्रज्ञ बुन्सेन यांनी प्रकाश मोजण्याचे साधन बनविले. ते आपणही बनवू शकतो. जाड पांढऱ्या कागदाच्या मध्यावर तेलाचा एक थेंब टाकून वाळू द्यावा आणि अंधाऱ्या खोलीत तो कागद उभा करावा. एका बाजूस एक पणती व दुसऱ्या बाजूस चार पणत्या ठेवाव्यात. सर्व पणत्यांच्या वाती सारख्या असाव्यात. ज्या बाजूने आपण पाहतो तिकडे उजेड अधिक असेल, तर डाग काळसर दिसतो. पलीकडे अधिक असेल, तर तो उजळ दिसतो. आणि दोन्हींकडे समान झाला, की डाग जवळजवळ दिसेनासा होतो. एकटी पणती कागदापासून २० सेंटिमीटरवर ठेवली, तर चार पणत्यांना किती दूर न्यावे लागते? उत्तर ४० सेंटिमीटर येते. अंतर दुप्पट, तर उजेड एकचतुर्थांश. तिप्पट, तर एकनवमांश. पुस्तकातील व्यस्त वर्गाचा नियम तो हाच.

या नियमाचा रोजच्या जीवनात उपयोग आहे. रात्री वीज गेल्यावर एका दिव्याभोवती घरातील तिघे भावंडे अभ्यासास बसतात. दिवा वहीपासून एक मीटर दूर असेल आणि तो अर्ध्या मीटरवर आणला, तर दिव्यास अधिक तेल अथवा वीज न लागता वहीवर चौपट उजेड पडतो. ज्या घरी एकच दिवा आहे, तेथे हे ज्ञान डोळ्यांवरील ताण कमी करण्यास उपयोगी पडते.

४. संत्र्याच्या सालीची पणती

आंबिया बहाराची संत्री दिवाळीच्या सुमारास तोडणीस येतात. आपल्या संत्र्याची साल सैल असते. हा गुण येथे कामी येतो. संत्र्याच्या मध्यावर सुरीने केवळ सालीपुरती गोल रेघ मारावी आणि अंगठा आत सरकवून अर्धी साल न फाडता वाटीसारखी सोडवावी. तिच्यात चमचाभर गोडे तेल घालून मधोमध फुलवात उभी करावी. ज्योत लावली, की साल आतून उजळते; कारण ती पिवळा, नारिंगी व तांबडा प्रकाश पार जाऊ देते आणि इतर रंग बहुतेक अडवून ठेवते. दुसऱ्या अर्ध्या सालीवर चांदणी अथवा फूल कोरून ती झाकणासारखी ठेवता येते. मात्र कोरलेले छिद्र ज्योतीच्या बरोबर वर व पुरेसे मोठे असावे. वर चढणाऱ्या उष्ण हवेस वाट मिळाली नाही, तर साल करपते व ज्योत विझते.

सालीच्या बारीक पिशव्यांत सुगंधी व ज्वालाग्राही तेल असते. ज्योतीजवळ साल पिळली तर ठिणग्या उडतात. हा चमत्कार पुष्कळ मुलांस ठाऊक आहे, परंतु तो डोळ्यांस धोक्याचा आहे. पणती नेहमी धातूच्या ताटलीत ठेवावी, जवळ पाण्याचे भांडे असावे आणि घरातील वडील माणूस उपस्थित असावे.

५. रंगीत सावल्या

तीन बॅटऱ्या घेऊन त्यांच्या तोंडांवर तांबडा, हिरवा व निळा जिलेटीनचा कागद बांधावा. अंधाऱ्या खोलीत पांढऱ्या भिंतीवर तिन्हींचे झोत एकावर एक पाडावेत. तांबडा व हिरवा मिळून पिवळा होतो, हे पाहून रंगपेटीची सवय असलेले मूल प्रथम विश्वासच ठेवत नाही. तिन्ही मिळाले, की भिंत जवळजवळ पांढरी दिसते. आता मध्ये बोट धरावे. सावल्या तीन पडतात आणि एकही काळी नसते : जेथे तांबडा अडला, तेथे निळसर हिरवी; जेथे हिरवा अडला, तेथे जांभळट गुलाबी; आणि जेथे निळा अडला, तेथे पिवळी. रंगपेटीतील रंग प्रकाशातून काही भाग वजा करतात, तर बॅटऱ्यांचे झोत एकमेकांत भर घालतात. म्हणून दोन्हींचे हिशेब निराळे. याच तीन रंगांच्या आधारे मॅक्सवेल या शास्त्रज्ञाने १८६१ साली लंडनमध्ये जगातील पहिले रंगीत छायाचित्र पडद्यावर दाखविले, आणि आज हातातील भ्रमणध्वनीचा पडदाही याच तीन रंगांचे बारीक ठिपके उजळून सारे रंग दाखवितो.

सावलीची कला महाराष्ट्रात फार जुनी आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळील पिंगुळी येथील ठाकर समाजाचे कलावंत चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ करतात. पडद्यामागे दिवा, मध्ये पातळ चामड्याची रंगविलेली, छिद्रांनी नटविलेली बाहुली, आणि समोर रामायणातील कथा. ही कला जतन करणारे श्री. परशुराम गंगावणे यांस २०२१ साली ‘पद्मश्री’ मिळाली. आपण धोतराच्या पडद्यावर पुठ्ठ्याच्या बाहुल्यांनी हा खेळ करू शकतो. बाहुलीस टाचणीने छिद्रे पाडावीत, डोळ्यांच्या व वस्त्रांच्या जागी तेल लावलेला रंगीत कागद चिकटवावा. बाहुली पडद्यास टेकली, तर सावली रेखीव. दिव्याकडे नेली, तर मोठी व अंधुक. दिवा जितका लहान, तितकी कड स्वच्छ, हेही तेव्हाच ध्यानात येते.

६. चांदणीचा कंदील

आता सर्व शिकलेले एकत्र करून आकाशकंदील बांधू. ५० सेंटिमीटरच्या दहा सरळ कामट्या तासून घ्याव्यात; टोके बोचणार नाहीत, अशी घासावीत. प्रत्येक कामटीवर दोन्ही टोकांपासून १९ सेंटिमीटरवर खूण करावी. मध्ये १२ सेंटिमीटर उरतात. पाच कामट्यांची टोके एकमेकांस बांधून पंचकोनी चांदणी करावी. कामट्या या खुणांवरच एकमेकींस छेदतात. तेथे दोऱ्याने गाठी माराव्यात. लांब भागास लहान भागाने भागले असता सुमारे १.६ येतात. हे गुणोत्तर प्राचीन ग्रीक भूमितिकारांस परिचित होते आणि पंचकोनाच्या प्रत्येक कर्णात ते दडलेले आहे. अशा दोन चांदण्या समोरासमोर ठेवून पाचही टोके एकत्र बांधावीत आणि आतील पाच छेदबिंदूंवर १० सेंटिमीटरचे कामटीचे तुकडे आडवे लावून दोन्ही सांगाडे फुगवावेत. आता चांदणीस पोट येते.

त्यावर खळीने पतंगाचा कागद चिकटवावा. रंग विकतचाच हवा असे नाही. फाल्गुनात आपल्या शिवारात पळस फुलतो. त्याची फुले सावलीत वाळवून ठेवावीत व दिवाळीच्या आधी थोड्या पाण्यात उकळावीत. त्या केशरी-पिवळ्या पाण्याचा हात कापसाच्या बोळ्याने पांढऱ्या कागदावर द्यावा. पातळ कागद पाण्यात बुडविल्यास फाटतो. मागील बाजूची एक पाकळी मोकळी ठेवून तेथून लहान एल्. ई. डी. दिवा आत सोडावा; तो फारसा तापत नाही, म्हणून कागदास भय राहत नाही. विजेची जोडणी मोठ्या माणसांकडूनच करवून घ्यावी. कागदाच्या आत ज्योतीची पणती ठेवण्याचा मोह टाळावा.

बाजारात प्लास्टिकचे घडीचे कंदील मिळतात आणि ते स्वस्तही असतात. ते घेणाऱ्यास आम्ही दोष देत नाही. परंतु विकतच्या कंदिलाचा मालक होता येते, त्याचा जाणकार होता येत नाही. कामटी कोठे वाकते, कागद कोठे सुरकुततो, कोणत्या रंगाच्या कागदातून किती उजेड बाहेर येतो, हे ज्याने बांधले त्यालाच ठाऊक असते.

शेवटी एक गोष्ट सांगणे अगत्याचे वाटते. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा नागपूर व विदर्भ मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशातच राहिला. २०२३ साली त्यातून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आले. सीमा अशा बदलत राहिल्या, तरी येथील घराघरांत मराठी टिकून आहे. कवडसा, तिरीप, झोत, लकाकी, संधिप्रकाश, अंधुक, मिट्ट : प्रकाशाच्या व काळोखाच्या इतक्या छटांना आपल्या भाषेत शब्द आहेत. वापरात नसलेला शब्द सीमा न ओलांडताही नाहीसा होतो. जो विद्यार्थी बागेत जाऊन कवडसा मोजील, त्याच्या तोंडी तो शब्द राहील. म्हणून प्रत्येक प्रयोगाची नोंद मराठीत आणि स्वतःच्या शब्दांत करावी : काय केले, काय दिसेल असे वाटले होते, आणि प्रत्यक्षात काय दिसले. तिन्ही रकाने भरावेत. वाटले तसे दिसले नाही, तर तो रकाना अधिक काळजीपूर्वक लिहावा.

येत्या सुट्टीत प्रत्येक वर्गाने यांपैकी किमान दोन प्रयोग करावेत आणि आपल्या नोंदी शाळेच्या हस्तलिखितात द्याव्यात, अशी आमची सूचना आहे. आरंभ उद्याच करता येईल. त्यास केवळ एक पुठ्ठा, एक टाचणी आणि दुपारचे ऊन हवे.